वैतरणेच्या मुखाकडे

समुद्राच्या कविता मी गेली अठ्ठावीस वर्षे शिकवीत आलो आहे. समुद्र मात्र त्या अवधीत मी मोजून सहा वेळा पाहिला होता. त्यातले चार समुद्र मुंबईच्या चौपाटीवरचे, म्हणजे भेळेच्या पुडीआडून पाहिलेले. उरलेले दोन विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबरचे; आणि सहलीबरोबर गेलेला प्राध्यापक समुद्राकडे पाहत नसतो, तो मुलांची डोकी मोजीत असतो. एवढ्याशा भांडवलावर मी मॅथ्यू आर्नोल्डची ओहोटी, मेसफील्डची सागराची ओढ आणि टेनिसनची अखेरची भरती नाशिकच्या मुलांना दरसाल समजावून देत असे, आणि ती मुलेही ती निमूटपणे वहीत उतरवून घेत. त्यांच्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नसे. त्यामुळे आमचे चांगले जमे.

हा व्यवहार माझ्या निवृत्तीपर्यंत असाच सुरळीत चालला असता. पण आमच्याच महाविद्यालयात भूगोल शिकविणारे एक गृहस्थ होते. वयाने माझ्याहून चार वर्षांनी वडील, पालघरकडचे, वैतरणेच्या खाडीकाठी वाढलेले. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी असे, आणि माझ्या तासाच्या टिपणांवर तिरपी नजर टाकण्याची त्यांना वाईट खोड होती. एकदा मी टेनिसनची ‘क्रॉसिंग द बार’ ही कविता काढून बसलो असता त्यांनी विचारले, “हा ‘बार’ म्हणजे काय हो?” मी सांगितले, “बंदराच्या तोंडाशी साचलेला वाळूचा बांध.” ते म्हणाले, “ते तळटीपेत आहे. तुम्ही पाहिला आहे का?” मी अर्थात पाहिला नव्हता. “मग मार्गशीर्षात माझ्याबरोबर चला,” ते म्हणाले, “तीन दिवस चालावे लागेल.”

हे निमंत्रण पुढे दरवर्षी येई आणि दरवर्षी मी ते पुढच्या वर्षावर ढकली. कधी उत्तरपत्रिका आडव्या येत, कधी गुडघा, कधी मुलीचे लग्न. त्यांचा स्वतःचा एक आवडता सिद्धान्त होता, तोही ते दरवर्षी ऐकवीत. तो असा की, नाशिककरांनी समुद्राला पाठ दाखविली आहे, आणि हा दोष माणसांचा नसून नदीचा आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेत उणापुरा ८० किलोमीटर. पण बाईसाहेब त्या बाजूस वळूनसुद्धा पाहत नाहीत. १४६५ किलोमीटर पूर्वेकडे चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतात. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत दुसरी एक नदी उगम पावते. ती मुकाट्याने पश्चिमेस उतरते आणि दीडएकशे किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. ती वैतरणा. “एकीला कुंभमेळा मिळाला,” ते म्हणत, “आणि दुसरीला मुंबईचे नळ.” हे खरेच आहे. मोडकसागर १९५७ साली बांधून झाला, त्यानंतर वरची वैतरणा, नंतर २०१४ साली मधली वैतरणा, अशी तीन धरणे या एका नदीवर मुंबईच्या तहानेसाठी उभी आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात चार दिवसांच्या आजाराने ते गेले. त्यांच्या पत्नी गोंधळून गेल्या होत्या, मुलगा परदेशात. सर्व व्यवस्था पाहण्याचे काम सहजच माझ्याकडे आले, आणि मी ते फार तत्परतेने केले. अस्थींचा प्रश्न निघाला तेव्हाही मीच म्हणालो, “रामकुंड हाकेच्या अंतरावर आहे, सगळा भारत अस्थी घेऊन इकडे येतो, आपण आणखी कोठे जावयाचे?” कोणी हरकत घेतली नाही. गावाहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ कुंडाच्या पायरीवर एका बाजूस उभा होता. तोही काही बोलला नाही. त्याने एकदा पाण्याकडे, मग ते पाणी ज्या दिशेने जात होते तिकडे, आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. पण ते विसरताही येईना. गेल्या मार्गशीर्षात मी त्याला पत्र टाकले की, तुमच्या दादांनी सांगितलेली वाट मला दाखवाल का. उत्तर एका ओळीचे आले: त्रयोदशीला या, पौर्णिमेला समुद्रावर पोहोचू.

तिथी त्याने का कळविली हे मला नंतर उमगले.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड या वाटेने एस.टी. मनोरला उतरते. तेथे भाऊ वाट पाहत उभा होता. पन्नाशीचा, काटक, हातात एक कापडी पिशवी आणि डोक्याला पंचा. माझ्या पायांतले नवे बूट त्याने निरखून पाहिले आणि काही बोलला नाही. महामार्गाने थोडे खाली येऊन आम्ही वरई फाट्यापासून चालू लागलो, आणि ऊन कलता कलता तांदूळवाडीच्या किल्ल्यावर चढलो. या चढणीविषयी मला फारसे सांगावयाचे नाही. चढताना माझे लक्ष श्वासाकडे होते. पण वर कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी बसून पश्चिमेकडे पाहिले तेव्हा भूगोलाचे सगळे तास एकदम समोर उलगडल्यासारखे वाटले. नदी खाली नागमोडी पसरली होती, आणि ती नदी आहे की खाडी हे सांगता येत नव्हते. तिच्या मधोमध एक बेट. बेटाच्या दोन्ही बाजूंना रेल्वेचे पूल. त्या बेटावर वाढीव हे गाव आहे. तेथल्या माणसांना स्टेशन गाठावयाचे तर होडी, नाही तर रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून चालत येणे, अशी वर्षानुवर्षांची रीत. पलीकडे हिरवट-काळा तिवरांचा पट्टा, त्यापलीकडे तांबूस खाजणे, आणि शेवटी एक पांढरी रेघ. “ती रेती,” भाऊ म्हणाला. “दादा इथं बसून आधी ती रेघ मोजायचा. दर वर्षी बारीक झाली म्हणायचा.”

मुक्काम पायथ्याच्या पाड्यावर एका ओळखीच्या घरी केला. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, आणि मच्छरांचे अखंड कीर्तन.

दुसरा दिवस खाजणांचा. घाटावरच्या वाचकाला खाजण म्हणजे काय हे समजावून द्यावयास हवे. मला स्वतःला ते त्रेपन्नाव्या वर्षी समजले. खाडीच्या भरतीचे पाणी ज्या सखल जमिनीवर चढते, ती जमीन बांध घालून समुद्राकडून मागून घ्यावयाची. पावसाच्या पाण्याने तिचे मीठ धुऊन काढावयाचे. आणि तिच्यात खारे पाणी सोसणारे भात लावावयाचे. बांधाला ठिकठिकाणी उघाडी असते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर पडते, आणि भरती येऊ लागली की तिची झडप बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने मिटते. समुद्राचे बळ समुद्रालाच अडविण्यासाठी वापरणारी ही युक्ती कोणी पहिल्याने काढली ते ठाऊक नाही. पण ती काढणारा आमच्या विद्यापीठांच्या पदवीधरांपैकी नसावा.

सकाळी जलसारच्या बाजूला आम्ही बांधावर चढलो तेव्हा उजव्या हाताला कापलेल्या भाताची कोरडी बुडखे होती आणि डाव्या हाताला, जवळजवळ त्याच पातळीवर, पाणी चढत होते. माझ्या पायांखाली फक्त चार हात रुंदीचा मातीचा पट्टा. उधाणाचे दिवस; या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतले अंतर तेव्हा पाच मीटरपर्यंत जाते. पाणी वाढताना आवाज मुळीच करीत नव्हते. लाट नाही, फेस नाही. बांधावरची एक-एक गवताची काडी क्रमाने बुडत होती एवढेच. मी मुलांना सांगत आलो होतो की भरती गर्जत येते. खाडीतली भरती चोरासारखी येते.

“किती वेळ चढेल अजून?” मी विचारले.

“आज चतुर्दशी ना? साडेदहापर्यंत.”

त्याच्या हातात घड्याळ नव्हते. मग त्याने मला तो हिशेब सांगितला, जो किनाऱ्यावरच्या पोराटोरांना येतो: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पाणी भरते, पुढे सहा तासांनी सुकते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध असो वा वद्य, दिवस असो वा रात्र. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडला तर तो चंद्राचा हक्क समजावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी थोडे चढते आणि थोडेच उतरते. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणत, आणि हे पाठ करून काय मिळविले असा प्रश्न इंग्रजी शाळेतून आल्यावर मी त्यांना विचारीत असे. त्याचे उत्तर या बांधावर, आजोबा जाऊन चाळीस वर्षे लोटल्यावर मिळाले.

थोडे पुढे एका ठिकाणी बांध फुटलेला होता. आतली दोन-तीन एकर जमीन पाण्याखाली, आणि तिच्यात छातीएवढी तिवरे उभी. “ही आमची,” भाऊ म्हणाला. सांगण्यात तक्रार नव्हती, ओळख करून देण्याचा सूर होता. पूर्वी बांधाला खांड पडली की रात्रीच गाव उठे, मातीची ढेकळे आणि पेंढा घेऊन धावे, दुसऱ्या भरतीच्या आत ती बुजवी. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, आणि बांध हे सरकारी कामाचे प्रकरण झाले. “आता खांड पडली की अर्ज धावतो,” भाऊ म्हणाला, “पण पाणी अर्जाच्या आधी पोहोचतं.” एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन परत गोडी व्हावयास तीन पावसाळे लागतात. तेवढ्यात तिवर उगवते. आणि तिवर उगवले की ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तिवरांच्या तोडीला मनाई केली आहे.

मी या मनाईचा कट्टर पुरस्कर्ता. दोन व्यासपीठांवरून मी तिच्या बाजूने बोललो आहे. तिवर आणि कांदळ ही झाडे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात, हे सर्व मला पाठ होते आणि ते सर्व खरे आहे. पण ज्याच्या भाताच्या खाचरात ते जंगल उगवले आहे त्याच्या शेजारी उभे राहून ते भाषण करण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी गप्प बसलो. भाऊच म्हणाला, “तोडू नये हे बरोबर आहे, सर. गेल्या वादळात याच्याच मागे गावातल्या होड्या वाचल्या. फक्त ते माझ्या जमिनीत आहे.” मग थोड्या वेळाने, “आणि आगगाडीला तोडायला मिळतं.” त्याचा रोख मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेकडे होता, तिच्यासाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडण्याची परवानगी त्याच न्यायालयाने २०२२ साली सार्वजनिक हिताच्या कारणास्तव दिली. दोन्ही निर्णयांची कारणे वाचली म्हणजे दोन्ही पटतात. बांधावर उभे राहून ती दोन्ही एकदम पटविणे कठीण जाते.

दुपारी पाणी उतरू लागले आणि बूट काढावे लागले. पुढची वाट तिवरांच्या मधून, उघड्या पडलेल्या गाळातून होती. “टाच आधी टाकू नका. थांबू नका. बुडतंय असं वाटलं तरी पुढंच चाला,” अशी तीन सूत्रे भाऊने दिली, मी तिन्ही मोडली आणि मांडीपर्यंत रुतलो. त्याने मला बाहेर ओढले तेव्हा एका पायाला चिखलाचा गुळगुळीत मोजा आणि दुसऱ्याला रक्त. तिवराची श्वासमुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात, हजारोंनी. गाळात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर करून श्वास घेते. त्यांच्यावर पाय द्यावयाचा नसतो. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, असे भाऊ म्हणाला. लावले तर खारट. पोटात गेलेले मीठ ते पानातून बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. हातभर लांब कोंब फुटला की ते भाल्यासारखे खाली सुटते आणि गाळात उभे रोवले जाते. पाणी भरलेले असले तर तरंगत दुसऱ्या गावाला जाते. आणि निवट्या! अंगठ्याएवढा मासा, डोळे डोक्यावर, पाण्याबाहेर येऊन परांवर सरकतो, झाडाच्या मुळावर चढून बसतो आणि तुमच्याकडे अशा मुद्रेने पाहतो की, आपणच त्याच्या घरात आगंतुक आलो आहोत याविषयी शंका उरू नये. तुताऱ्यांचे थवे गाळावर शिवणयंत्राप्रमाणे चोची चालवीत होते. आमच्या नांदूरमध्यमेश्वरलाही हिवाळ्यात असे पाहुणे येतात. त्या धरणाच्या पाणथळीला २०२० साली रामसर यादीत महाराष्ट्रातले पहिले स्थान मिळाले तेव्हा आम्ही नाशिककरांनी पुष्कळ अभिमान मिरविला होता. ज्या गाळाला कोणी यादीत घातलेले नाही त्यातही ते पक्षी तितक्याच एकाग्रतेने जेवीत होते.

त्या रात्री भाऊच्या घरी राहिलो. ओसरीवर दादांचे पदवीदानाचे छायाचित्र होते. त्याच्याखाली, भिंतीच्या चुन्यावर, पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आणि शेजारी इसवी सने. गावात कोणत्या वर्षी उधाणाचे पाणी अंगणात कोठवर आले त्याची ही नोंद. रेघा दादांच्या हातच्या. सर्वांत वरच्या दोन रेघा शेवटच्या दहा वर्षांतल्या होत्या. वहिनींनी लाल तांदळाची पेज वाढली आणि म्हणाल्या, “भावोजी म्हणायचे, आमचे एक इंग्रजीचे सर येणार आहेत. दर साली म्हणायचे. मी दर साली तांदूळ काढून ठेवायची.” पेज उत्तम होती. ती गिळताना मला वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी दातिवऱ्याला निघालो. खाजणे संपतात, ताडाची आणि सुरूची झाडे लागतात, पायांखालची माती नकळत रेती होते, आणि वाऱ्याचा वास बदलतो. अकराच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. पौर्णिमा, पाणी भरत आले होते. दक्षिणेस नदीचे विस्तीर्ण तोंड, त्यापलीकडे अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला, पाण्यातून उगवल्यासारखा. मी दृष्टी ताणताणून वाळूचा बांध शोधू लागलो. कोठेच दिसेना. सर्वत्र सपाट, भरगच्च, शांत पाणी. एक मचवा त्यावरून निवांतपणे आत आला.

“आत्ता दिसायचा नाही,” भाऊ म्हणाला. “बसा.”

बसलो. माझ्या घड्याळात पावणेबारा झाले तेव्हा पाणी थांबले. हिशेब अर्ध्या तासाने चुकला होता. मग ते मागे फिरले. तासाभरात नदीचे पाणी ओढीने बाहेर निघाले, समुद्राच्या लाटा त्याच्यावर आत येऊ लागल्या, आणि जेथे काही नव्हते तेथे एक पांढरी, वेडीवाकडी, फुटणारी रेघ उमटली. दोनच्या पुढे तर तिचा आवाज आमच्यापर्यंत येऊ लागला. बाहेर दोन होड्या नांगर टाकून उभ्या राहिल्या होत्या. आता त्या रात्रीच्या भरतीशिवाय आत येणार नाहीत, असे भाऊने सांगितले. ओहोटीच्या लाटेत वाळूवर होडी चढली की उलटते.

टेनिसनने ती कविता १८८९ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, आयल ऑफ वाइटला जाणाऱ्या बोटीत रचली, आणि आपल्या प्रत्येक संग्रहाच्या शेवटी तीच छापावी अशी इच्छा सांगून ठेवली. तिच्यातला म्हातारा आपल्या प्रयाणासाठी तुडुंब भरलेले, आवाज न करणारे पाणी मागतो. हे मागणे मी अठ्ठावीस वर्षे शांत मृत्यूचे रूपक म्हणून शिकविले. ते रूपक आहेच. पण त्याआधी ते तांडेलाचे साधे गणित आहे: भरल्या पाण्यात बार दिसत नाही, फुटत नाही, होडी सुखरूप बाहेर पडते. तो म्हातारा हवी ती वेळ मागत होता. आणि वेळ कोणती, हे निघणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे लागते; शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने परस्पर ठरवावयाची ती गोष्ट नव्हे.

मी भाऊला म्हणालो, “रामकुंडाचे मी ठरविले. तुम्हांला विचारावयास हवे होते.”

तो रेतीवर कांदळाचा एक वाहून आलेला कोंब घेऊन रेघा ओढीत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई-आबांना इथंच सोडलं. दादानंच सोडलं.” पुन्हा काही वेळ गेला. “लोक म्हणतात, पाणी सगळं एकच.”

“तुम्हांला काय वाटते?”

“एक नसतं, सर.” त्याने तो कोंब ओल्या रेतीत उभा खोचला, मग तो तेथे जगणार नाही हे ध्यानात येऊन पुन्हा उपटून पिशवीत टाकला. “तुम्ही त्या दिवशी सगळं केलंत, ते मी विसरलेलो नाही. पण एक नसतं.”

यावर मी काही बोललो नाही, आणि त्यानेही बोलावे अशी अपेक्षा दाखविली नाही. ऊन उतरू लागले होते. दूर त्या फुटणाऱ्या रेघेपाशी पाणी आणखी मागे सरले होते आणि वाळूची पिवळी पाठ उघडी पडू लागली होती. भाऊ उठला, अंगावरची रेती झटकली आणि मला हात दिला.

“उद्या सकाळी होडीनं पलीकडं सोडतो तुम्हांला, अर्नाळ्याहून गाडी मिळेल,” तो म्हणाला. मग जरा थांबून, शाळेतल्या मास्तरांच्या सुरात, “पण पाणी भरेल किती वाजता? उद्या प्रतिपदा.”

मी मनातल्या मनात पाऊणकीचा पहिला आकडा म्हटला.

“पाऊण वाजता.”

“मग सकाळी नाही. जेवून निघू,” भाऊ म्हणाला, आणि आम्ही गावाच्या वाटेला लागलो.